गुंदचे कागद कुठे आहेत?

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी याच विषयावर दहा मिनिटं बोललो होतो. नंतर दोघातिघांनी विचारलं, "हे सगळं लिहून का देत नाही?" म्हणून हा लेख. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पंचवीस वर्षं सिव्हिल इंजिनिअर म्हणून धरणं, कालवे आणि रस्ते यांच्या कामांवर काढली. इतिहास शिकलो तो चुका करत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक पुढे सांगणारच आहे.

विषय साधा आहे. आपल्या गुंदसारख्या, जोयडा तालुक्यातल्या जंगलात दडलेल्या गावाचा इतिहास शोधायचा झाला, तर जायचं कुठे? तिथे काय ठेवलेलं आहे? ते आपल्याला कोण दाखवणार, आणि दाखवलं तरी आपल्याला वाचता येणार का?

प्रश्न कुठून आला

आमच्या शेजारी एक कुणबी काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. एका संध्याकाळी ते अंगणात येऊन बसले. हातात एक घडी घातलेला कागद. वनहक्काचा त्यांचा दावा फेटाळला गेला होता. कारण एका ओळीचं: तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा नाही.

काका कोकणीत म्हणाले, त्याचा अर्थ असा: "तू एवढी पुस्तकं वाचतोस. माझा आजा इथेच जन्मला, इथेच मेला. हे कुठे लिहिलेलं असेल का रे?"

तोवर माझा इतिहास म्हणजे सोंदे संस्थान, हैदरअली, पोर्तुगीज असा ऐसपैस होता. काकांच्या आज्याचं नाव कुठे लिहिलं असेल, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. उत्तर शोधायला निघालो आणि पहिल्यांदा कळलं, की आपल्या तालुक्याचे कागद एका जागी नाहीतच. ते पाच-सहा शहरांत वाटले गेले आहेत.

एक गाव, अनेक धनी

याचं कारण राज्यकर्ते बदलत गेले हे आहे. हा मुलूख सोंद्याच्या राजांचा. 1763मध्ये हैदरअलीने आधी बिदनूर घेतलं आणि त्यापाठोपाठ सोंदं. सोंद्याचा राजा घाट उतरून पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला. फोंड्याजवळ बांदोड्याला सोंदेकरांचा वाडा आहे, तो त्यानंतरचा. 1799मध्ये टिपू पडला आणि कानडा जिल्हा कंपनीकडे, म्हणजे मद्रास इलाख्यात गेला. पुढे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, आणि 1862मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला गेला. धारवाडकडचा कापूस कारवार बंदरातून बाहेर काढायचा, हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आग्रह त्यामागे होता. अमेरिकेत यादवी चालू असल्यामुळे तेव्हा कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. शेवटी 1 नोव्हेंबर 1956ला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. 1973मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं.

आता हाच क्रम कागदांच्या नजरेने बघा. सोंदेकरांचा पोर्तुगिजांशी झालेला व्यवहार पणजीत. सोंद्याच्या चौथाईचा पेशव्यांशी असलेला संबंध पुण्यात. 1799 ते 1862 मधला महसूल चेन्नईत. 1862 ते 1956 मधला कारभार मुंबईत. त्यानंतरचं बंगळूरला, आणि तालुक्याचं म्हणून जे काही असेल ते कारवारच्या आणि जोयड्याच्या कचेरीत.

त्यात आपल्या तालुक्याचं आणखी एक दुखणं आहे. तालुक्याचं मूळ ठाणं जोयडा नव्हे, सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं ते गाव. सुप्याला 101 मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं आणि 1980च्या दशकात जुनं सुपं पाण्याखाली गेलं. बरीच माणसं रामनगरला गेली, कचेऱ्या जोयड्याला आल्या. जुन्या कागदपत्रांत "तालुका सुपा" असं दिसलं की नव्या पिढीतली मुलं बुचकळ्यात पडतात. त्यांना वाटतं हे दुसरंच गाव. शोधसूचीत "जोयडा" हा शब्द टाकून काही मिळालं नाही म्हणून परत आलेले लोक मी पाहिले आहेत. "सुपा" टाकून बघा. हा या लेखातला पहिला कामाचा सल्ला.

मी स्वतः धरणांवर काम केलेला माणूस. जलाशयाची पातळी ठरवताना आम्ही किती हेक्टर शेत जाईल, किती घरं जातील, याचा तक्ता करायचो. किती दप्तरं जातील, याचा रकाना मी एकाही तक्त्यात पाहिला नाही. मीही तो सुचवला नाही.

पणजी: शेजारच्या राजांची पुस्तकं

सुरुवात मी पणजीपासून केली, कारण अनमोड घाट उतरला की गोवा. तिथलं पुराभिलेखागार भारतातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. 1595मध्ये दियोगु दो कोउतु या इतिहासकाराला त्याचा पहिला रक्षक नेमलं होतं. दरसाल पावसाळी वाऱ्यांच्या हिशोबाने जहाजं लिस्बनला जायची-यायची; त्यांच्याबरोबरच्या पत्रव्यवहाराची पुस्तकं तिथे "मान्सूनची पुस्तकं" म्हणून ओळखली जातात. त्यातली 62 पुस्तकं अठराव्या शतकात लिस्बनला नेली गेली. म्हणजे एक धागा तिथेही जातो. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची पुस्तकं निराळी, आणि सोंदेकर सापडतात ते त्यात.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (1894–1969) यांच्यामुळे. कित्येक वर्षं ते या दप्तरखान्याचे प्रमुख होते. 1955मध्ये त्यांनी पोर्तुगीज भारतातल्या दप्तरांची मार्गदर्शिका छापली. कोणत्या कपाटात काय आहे, हे सांगणारं असं पुस्तक म्हणजे संशोधकाचा नकाशाच. त्यांचा "पोर्तुगेज-मराठे संबंध" हा ग्रंथ मराठीत आहे, त्यामुळे पोर्तुगीज न येणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. मीही तेच केलं.

पणजीला आणखी दोन जागा. एक, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, 1832 सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे ते कृष्णदास शामा सोळाव्या शतकातले, केळशीचे. त्यांच्या मराठी ओव्यांचं हस्तलिखित रोमन लिपीत उतरवलेलं पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात सापडलं. कागद किती लांब जाऊन बसतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दुसरी जागा पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र, 1979मध्ये सुरू झालेलं. तिथे पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचं दप्तर आहे. हे घराणं मोठं दलाल आणि व्यापारी. फ्रेंचांचे दलाल, तंबाखूचा मक्ता, अफूचा व्यापार, आणि गुलामांचाही. कागद पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांत.

इथे मी थोडा थांबतो, कारण म्हामाय कामतांच्या दप्तरात एक धडा आहे. सरकारी दप्तरात राजा, सरदार, गव्हर्नर भेटतात. व्यापाऱ्याच्या दप्तरात भाव, हुंडी, बुडालेलं गलबत, उधारी भेटते. ते एका घराच्या माडीवर होतं, आणि घराने ते जाळलं नाही, रद्दीत दिलं नाही. म्हणून आज ते वाचनकक्षाच्या टेबलावर येतं. आपल्या तालुक्यातल्या सुपारीवाल्यांची, गूळ-मिठाच्या व्यापाऱ्यांची, देवस्थानांची अशी दप्तरं होतीच की. ती कुठे गेली?

आमच्या घरचं कुठे गेलं ते मी सांगू शकतो. कॉलेजात असताना सुट्टीत मी माळा साफ केला. आजोबांची एक लाकडी पेटी होती, तिच्यात लाल फडक्यात बांधलेले कागद. अक्षरं सगळी एकमेकांत गुंतलेली. मला एक शब्द लागेना. वाळवी लागली होती. न्हाणीच्या चुलीत दोन दिवस पाणी तापवायला ते पुरले. ती मोडी होती हे मला बारा-पंधरा वर्षांनी कळलं. त्यात काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

मद्रास आणि मुंबई: कुमरीचे कागद

आपल्या भागातल्या सामान्य माणसाचा सरकारशी संबंध आला तो बहुतेक जंगलामुळे. त्यातही कुमरीमुळे. डोंगरउतारावरचं रान तोडायचं, वाळवायचं, जाळायचं, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचं, ही शेती कुणबी आणि इतर लोक पिढ्यान् पिढ्या करत होते. कंपनी सरकारला सागवान हवं होतं, त्यामुळे ही शेती सलू लागली. ह्यू क्लेगहॉर्न हा मद्रास इलाख्याचा जंगल-अधिकारी. त्याचं दक्षिण भारतातल्या जंगलांवरचं पुस्तक 1861मध्ये आलं, आणि त्याच सुमारास कुमरीवर कडक बंधनं आली.

लगेच 1862मध्ये जिल्हा मुंबईकडे. म्हणजे कुमरीची गोष्ट मधोमध तुटते: अर्धी चेन्नईच्या एग्मोरमधल्या दप्तरखान्यात, अर्धी मुंबईत. मुंबईचा दप्तरखाना 1821 सालचा, आणि पुष्कळ वर्षं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. एकच अभ्यासक दोन्हीकडे जाईलच असं नाही. त्यामुळे छापील पुस्तकांत बहुधा एकच बाजू वाचायला मिळते.

ज्यांना चेन्नई-मुंबई शक्य नाही, त्यांच्यासाठी दोन छापील आधार आहेत. पहिला, फ्रान्सिस बुकानन. टिपू पडल्यावर दोनच वर्षांत, 1801मध्ये, तो सोंदे-यल्लापूर-हल्याळ या भागातून हिंडला. त्याचं प्रवासवर्णन 1807मध्ये तीन खंडांत छापलं गेलं. कोण काय पिकवतो, किती सारा भरतो, हे तो विचारत जायचा. दुसरा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंधरावा खंड, कानडा, दोन भाग, 1883. जेम्स कॅम्पबेल याच्या संपादनाखाली झालेलं हे काम. जाती-जमाती, जंगल, कुमरी, रस्ते, घाट, बाजार, देवळं, सगळं त्यात आहे. दोन्ही ग्रंथ आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. वाचताना एवढंच लक्षात ठेवावं, की लिहिणारा साहेब होता आणि माहिती देणारा कचेरीतला कारकून. कुणबी स्वतः त्यात बोलत नाही, त्याच्याविषयी दुसरे बोलतात.

पुणे: मंडळ म्हणजे काय

पुण्यात दोन जागा वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. लोक गल्लत करतात. पेशवे दप्तर हे सरकारी पुराभिलेखागार, 1891च्या दगडी इमारतीत. तिथे कागद रुमालात बांधलेले. रुमाल हेच मोजण्याचं माप, आणि त्यांची संख्या हजारांत. त्यातून निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले. एवढं छापूनही न छापलेलं किती उरलं, हे त्या कपाटांमधून चालताना कळतं.

दुसरी जागा भारत इतिहास संशोधक मंडळ. 7 जुलै 1910ला वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं. हे सरकारी नव्हे, हे लक्षात घ्या. राजवाड्यांनी 1898मध्ये "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" याचा पहिला खंड काढला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव, माड्यांवर, देवळांत, वाण्यांच्या दुकानांत कागद शोधत फिरले. पुढे ते धुळ्याला गेले, आणि 1926च्या अखेरीस तिथेच वारले. त्यांच्या नावाची संस्था धुळ्यात उभी राहिली. मंडळात आज लाखांनी मोजावे असे कागद, हजारो पोथ्या, नाणी, चित्रं, ताम्रपट आहेत. मराठीबरोबर फारसी कागदही आहेत, त्यांसाठी ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी हयात घालवली.

पण मला मंडळाचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते मोडीच्या वर्गांचं. कागद जपणं ही अर्धी सेवा. तो वाचायला शिकवणं ही उरलेली अर्धी. मी पन्नाशीच्या तोंडावर मोडी शिकलो. शेजारच्या बाकावर एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आणि एक अकरावीतला मुलगा. पहिले पंधरा दिवस वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. मग एक दिवस "श्री" नंतरचा "राजश्री" आपोआप लागला, आणि डोळ्यांत पाणी आलं. न्हाणीच्या चुलीतले ते कागद आठवले.

मोडी येऊनही तारीख अडवते. जुन्या पत्रात वर्ष आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. "अर्बा सितैन मया व अलफ" म्हणजे चार, साठ, शंभर, हजार: 1164. हा शुहूर सन. तो मृगाच्या सुमारास सुरू होतो, म्हणून जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारी ते मेसाठी 600 मिळवायचे. म्हणजे 1763-64, सोंदं पडलं तेच वर्ष. शकात 78 मिळवायचे (वर्षअखेरच्या महिन्यांत 79). महसुलाच्या कागदांत फसली येते. दक्षिणेत तिच्यात 590 मिळवून अंदाज येतो. हे तीन आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले आहेत.

वाचनकक्षातली रीत

नव्या माणसाला दप्तरखान्याची भीती वाटते. मलाही वाटायची. म्हणून चार गोष्टी.

जाताना ओळखपत्र आणि आपल्या मंडळाचं किंवा कॉलेजचं पत्र न्यावं. विषय मोघम लिहू नये. "उत्तर कानड्याचा इतिहास" असं लिहिलं तर समोरचा माणूस तरी काय काढून देणार? "सुपा पेट्यातली कुमरी, 1862 ते 1900" असं लिहिलं की तो उठून कपाटाकडे जातो.

आधी सूची मागावी, कागद नंतर. सूची बघायला एक पूर्ण दिवस दिला तर पुढचे चार दिवस वाचतात. शिसपेन्सिल न्यावी, शाईचं पेन जुन्या कागदाजवळ चालत नाही. चहा-पाणी टेबलावर नेऊ नये. पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नये. हसू नका, मी एका प्राध्यापकांना ते करताना पाहिलं आहे.

प्रत्येक टिपणावर दप्तराचं नाव, खंड, पान लगेच लिहावं. आम्हा इंजिनिअरांना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्रमांक, तारीख, सुधारणा क्रमांक लिहायची सवय असते. ज्या ड्रॉइंगवर क्रमांक नाही ते साइटवर वापरायचं नाही, हा नियम. इतिहासातही तोच. कुठून घेतलं हे न लिहिलेलं टिपण कितीही रोचक असलं तरी त्यावर भिंत उभारू नये.

आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोलावं. कोणता रुमाल कशाशी जोडलेला आहे, हे सूचीत नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. एका दप्तरखान्यात मी तीन दिवस चुकीचे खंड चाळत होतो. चौथ्या दिवशी कागद आणून देणाऱ्या शिपायाने विचारलं, "साहेब, तुम्ही जंगल शोधताय ना? मग महसुलात बघा. जुनं जंगल महसुलातच आहे." तीन दिवसांचं काम त्याने एका वाक्यात केलं.

1930 या आकड्याचं महत्त्व

आता काकांकडे परत येऊ.

वनहक्क कायदा 2006चा. त्यात अनुसूचित जमातींच्या माणसाला 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं. 2005 मधून 75 वजा करा: 1930.

इथे घाटाचा फरक बघा. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या बाजूचे कुणबी तोच दर्जा मागत आहेत. भाषा तीच, देव तेच, सोयरिकी अलीकडे-पलीकडे. पण घाटाखालच्या मेव्हण्याला 2005 पुरतं, आणि घाटावरच्या भावोजीला 1930 पर्यंत मागे जावं लागतं. काकांच्या आज्याचा प्रश्न यातून आलेला.

यात इतिहासाच्या ग्रंथालयाचा काय संबंध? थेट संबंध आहे. कायद्याखालच्या नियमांतला तेरावा नियम पुरावा कशाला म्हणायचं ते सांगतो, आणि ती यादी वाचताना मला एखाद्या स्थानिक इतिहास-ग्रंथालयाची सूचीच वाचतोय असं वाटलं. गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे आणि सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्ययोजना, वन-चौकशीचे अहवाल. कोर्टाचे निकाल. रूढी-परंपरांवरचे संशोधन-अभ्यास. जुन्या संस्थानांचे कागद. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं यांच्यासारख्या खुणा. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. यातले एकाहून अधिक पुरावे लागतात. आणि जमिनीच्या ज्या तुकड्यावर दावा आहे तोच तुकडा 75 वर्षं कसलेला असावा, असं कायदा म्हणत नाही; तीन पिढ्यांची अट जंगलातल्या वास्तव्याची आणि जंगलावर अवलंबून असण्याची आहे. दावा लिहिताना ही गल्लत हमखास होते.

काकांसाठी मी गॅझेटिअरची पानं काढली, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका बघितल्या, एक इंचाला एक मैल या मापाचा जुना नकाशा बघितला. गाव मिळालं, वस्ती मिळाली, कुणबी मिळाले. पण आज्याचं नाव नाही. मोठ्या दप्तरखान्यात गरिबाचं नाव सहसा येत नाही. तो "लोक" म्हणून येतो, "कुमरीवाले" म्हणून येतो.

हे सांगायला मी काकांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. बोलता बोलता मी विचारलं, "घरात जुना एखादा कागद? काहीही?" काका म्हणाले, "चांगला कागद काही नाही. एक वाईट आहे." पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, लग्नाच्या साडीच्या घडीत, एक पावती. जंगल तोडल्याबद्दल केलेल्या दंडाची. खाली शिक्का, वर आज्याचं नाव, गावाचं नाव, आणि तारीख. साल 1930च्या आधीचं होतं.

घरात तो कागद लाजेचा म्हणून लपवून ठेवला होता. दाव्याबरोबर तो जोडायचा हे कुणाच्या मनातही आलं नाही, उलट "आमचा आजा गुन्हेगार होता हे कशाला दाखवायचं?" असं काकूंना वाटत होतं. मी त्यांना समजावलं, की सरकारने ज्याला या रानात दंड केला, तो या रानात होता, हे सरकारनेच लिहून दिलं आहे. काका बराच वेळ पावतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "दंड भरला ते बरं झालं म्हणायचं."

पावती, गॅझेटिअरची पानं, वंशावळ आणि शेजारच्या वाड्यावरच्या दोन वृद्धांची निवेदनं जोडून दावा पुन्हा दिला आहे. निकाल अजून यायचा आहे.

आपल्याला काय करता येईल

मोठी ग्रंथालयं मोठ्या शहरांत आहेत, ती इथे येणार नाहीत. पण त्यांच्या सेवांची छोटी आवृत्ती गुंदला करता येईल, एका कपाटात आणि एका टेबलावर.

एक: बुकानन, गॅझेटिअर, जनगणना पुस्तिका यांतली आपल्या तालुक्याची पानं छापून, संदर्भ लिहून, एका फाइलीत. प्रत्येकाने पुन्हा पहिल्यापासून शोधू नये.

दोन: नावांचा तक्ता. सुपा-जोयडा, कोकणी-मराठी-कानडी-इंग्रजी अशा चार रूपांत प्रत्येक गाव आणि वाडा. पाण्याखाली गेलेल्या गावांचाही. ती नावं सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

तीन: नोंदवही. कुणी कागद दाखवला तर त्याचा फोटो घ्यायचा, वहीत क्रमांक टाकायचा, आणि मूळ कागद त्याच दिवशी मालकाला परत. मूळ ठेवून घ्यायचा नाही. लोक कागद दाखवत नाहीत त्याचं अर्धं कारण तो परत मिळणार नाही ही भीती असते. आणि कृपा करून कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक पुन्हा निघत नाही, कागद आत कुजतो. सुती फडक्यात सैल बांधा, चुलीच्या धुरापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा. वाळवीसाठी महिन्यातून एकदा उघडून बघा.

चार: वडीलधाऱ्यांची निवेदनं. तारीख, जागा, बोलणाऱ्याचं वय आणि दोन साक्षीदार लिहून. त्यांच्याच बोलीत.

पाच: मोडी आणि जुनं कानडी हस्ताक्षर वाचणारी दोन तरी मुलं तयार करणं. मला येतं ते मी शिकवीन. रविवारी सकाळी, फी नाही.

शेवटची विनंती. घराचा माळा साफ करताना न वाचता येणारं बोचकं सापडलं, तर ते चुलीत घालू नका. "वाईट" कागद असेल, दंडाचा, जप्तीचा, भांडणाचा, तोही ठेवा. मला एक हाक मारा. मी पावसातही येईन.